वजनकाट्यावरची गणती

मोठी माणसं सदतीस, तान्ही मुलं दोन. उपासनाने राजारामकाकांना धरून तीनदा मोजलं. एकोणचाळीसच.

सुगी संपली की कॅन्ससमधल्या त्या काउंटीतले झाडून सारे लोक मक्याच्या ट्रकच्या वजनकाट्यावर चढायचे आणि तिथंच गणती व्हायची. आताही सगळे दाटीवाटीने उभे राहून मोठ्यानं गात होते. यंदा चाळीस भरले नाहीत, तर काउंटी शेजारच्या काउंटीत विलीन होणार होती. राज्याकडून मोजायला आलेल्या उपासनाला ते सांगवेना.

"काका, एक कमी पडतोय," ती हळूच म्हणाली.

काटा सांभाळणारे राजारामकाका हसले. "दरवर्षीच पडतो गं. म्हणून तर आम्ही सगळे आधी उतरतो. रीडिंग त्यानंतर घे."

"रिकाम्या काट्याचं? सकाळी मीच तो शून्यावर सेट केलाय."

"घे तर खरं!"

लोक नाचत खाली उतरले. वारा पडलेला होता. सगळ्यांनी रिकाम्या काट्याकडे तोंड करून टाळ्यांचा कडकडाट केला. पोरांना कडेवर घेतलेल्या आया त्यांचे हात धरून तिकडे हलवत होत्या.

आकडे भराभर उतरत आले आणि थांबले.

एकशे वीस पौंड.