वाचून होईपर्यंत

ज्योत्स्नाला कॉम्प्युटर सिस्टिमच्या गाभ्यातली, कर्नेलमधली चूक अखेर सापडली. इंटरप्टची, म्हणजे मध्येच येणाऱ्या सिग्नलची, माहिती जागेवर आहे असं पाहून प्रोग्रॅम ती वाचायला जायचा, आणि तेवढ्यात दुसराच प्रोग्रॅम ती काढून टाकायचा. वाचून होईपर्यंत तिला लॉक लावून ठेवायचं, एवढाच इलाज.

तोच चांदवडहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईचं काही खरं नाही. आहे अजून, पण लगेच निघ."

"निघालेच. मी येईपर्यंत तिचा हात धरून ठेव, मयूर. अजिबात सोडू नकोस."

नाशिकहून ती पोचली, तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत बायका आईला आंघोळ घालायला खोळंबल्या होत्या, आणि मयूर काही केल्या उठत नव्हता.

"हात गार पडलाय गं, ताई," तो म्हणाला, "पण सोडला नाही. तू भेटून घे, मग सोडतो."