बॅटरीचा पाणकर

"भरना चालू हाये. भरना चालू असतानी उपसा नाई," यादोराव म्हणाले आणि इन्व्हर्टरच्या बटणासमोर खुर्ची टाकून बसले.

समोर त्यांची सून नीतू उभी होती. तिच्या पायाशी थर्माकोलची पेटी, पेटीत कोंबडीची अंडी, आणि अंड्यांना ऊब देणारा बल्ब सकाळपासून विझलेला. पिल्लं आज-उद्यात बाहेर यायची होती. बचत गटातल्या बायकांनी नाकं मुरडली तरी नीतूने हा उद्योग मांडला होता. पहिलीच खेप. ती गार पडली की गावभर हसं होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वादळाने सालेकशाकडच्या जंगलात झाडं तारांवर पडली होती. लाईन कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नव्हतं. यादोरावांच्या मुलाने, मोहितने, डेकोरेशनवाल्या हिरालालचं जनरेटर मागून आणलं. संध्याकाळी ते एका लग्नाला जायचं होतं, तोवर घरातल्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या होत्या. काम साधं होतं. यादोरावांनी ते अवघड केलं.

दोष म्हटलं तर मोहितचाच. यादोरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावतलावाचं पाणकर, म्हणजे धानाच्या बांध्यांना, शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यांना, पाणी वाटून देणारं. तलाव भरेपर्यंत थेंब सोडायचा नाही. सोडला की टोकाच्या बांधीला आधी आणि पाणकराच्या बांधीला सगळ्यात शेवटी. बॅटऱ्या घरी आल्या तेव्हा यादोरावांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण एक दिवस मोहित झाकणं उघडून त्यांत पाणी ओतताना दिसला. झालं. ज्यात पाणी भरतात तो तलाव, आणि तलाव म्हटला की यादोराव आलेच.

आता त्यांनी गल्लीत निरोप धाडला होता. बॅटऱ्या भरल्या की घरोघर तार नेऊ, ज्याने त्याने आपापले मोबाईल लावावेत. सुरुवात टोकाच्या बकारामच्या घरापासून. आपलं घर शेवटी.

जनरेटर चालूच आहे तर त्याच्यावरच एक बल्ब लावू द्या, असं नीतूने सांगून पाहिलं. एवढ्याशा बल्बाने काही कमी होत नाही, असं मोहितनेही समजावलं. यादोराव म्हणाले, तलावाची पाळ अशीच फुटते, आधी एवढंसंच भोक असतं.

"मंग माही अंडी मरू द्याची का, मामाजी?" नीतूने विचारलं.

यादोरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, सून त्यांची लाडकी होती. पण घरच्यांसाठी नियम वाकवला तर उद्या गावात तोंड कुठे दाखवणार?

"पानकराची बांधी शेवटी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

नीतू फणकाऱ्याने मागच्या दारी निघून गेली. रुसली असेल म्हणून कोणी तिच्या मागे गेलं नाही.

दुपार कलली. जनरेटर धडधडत राहिलं आणि घरचे घामाने निथळत राहिले. यादोराव मधूनच उठून बॅटरीला कान लावत. काय ऐकू येत होतं ते त्यांनाच माहीत. अखेर इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. त्यांनी धोतर सावरलं, तारेचं भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि तार सोडत गल्लीतून निघाले. मागून मोबाईल घेतलेली सगळी गल्ली.

बकारामच्या ओसरीत त्यांनी तारेच्या टोकाचा बोर्ड ठेवला. म्हणाले, लाव तुला काय लावायचं ते. बकारामने कोपऱ्यातली गोधडी बाजूला केली. खाली थर्माकोलची पेटी होती आणि पेटीला टेकून नीतू बसली होती. तिने पिन खोचली. बल्ब लागला.

"हे तं माह्याच घरची पेटी हाये," यादोराव म्हणाले.

"होती. आता बकारामभाऊले अर्ध्या वाट्यानं देली," नीतू म्हणाली. "पेटी इथंच राहीन. निंगतील त्यातली अर्धी पिल्लं त्यायची."

बकारामने गंभीरपणे मान हलवली. वाट्याने दिलेलं शेत कसणाऱ्याच्या नावाने पाणी घेतं, हे यादोरावांनीच आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. गल्ली गालातल्या गालात हसू लागली.

यादोरावांनी एक अंडं उचलून कानाशी धरलं. आत बारीक टकटक चालली होती. त्यांनी ते हळूच जागेवर ठेवलं आणि दारातच बैठक मारली. घामाने भिजलेल्या मोहितने दबकत विचारलं की गल्लीतल्या मोबाईलांचं काय, आपल्या पंख्याचं काय.

यादोरावांनी बोर्डावर हात ठेवला.

"टोकाच्या बांधीची तहान भागल्याबिगर पानी पुढं जात नाई," ते म्हणाले. "आधी पिल्लं निंगू द्या."