उद्घाटनाची वेळ
सरांनी कारखाना सुरू करण्याच्या संमतीचा कागद सहीसाठी पुढे सरकवला तेव्हा तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. नोकरीऐवजी धंद्यात उतरलेले सरांचे जुने विद्यार्थी त्यात रांगेनं उभे होते, आणि त्यांच्यात तिचे बाबा होते. जन्मभर कारकुनी केलेल्या बाबांनी घरी याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. तिनं ओळख न दाखवता बाबांकडे बोट केलं. "हे कोण, सर?" "तो? भलता हुशार. शेजारचा त्याचा पार्टनर. दोघांनी साबणाचा कारखाना काढला. तपासणीआधीच बॉयलर पेटवला, तो फुटला आणि पार्टनर जागीच गेला." बाबा घरात साधा गॅससुद्धा पेटवत नाहीत, म्हणून आई त्यांची थट्टा करायची. "तपासणीआधी का पेटवला?" "उद्घाटनाला पाहुणे बोलावले होते मी. त्यांना ताटकळत ठेवायचं?" सर हसले. "तुमच्या तेलाच्या कारखान्याच्या उद्घाटनालाही आज संध्याकाळी पाहुणे येतायत. तपासणीचं मागाहून बघू. कर सही." तिनं पेन खाली ठेवलं आणि ती तडक बाहेर आली. धंद्यातली तिची भागीदार, तिची जिवलग मैत्रीण, दारातच उभी होती. "सही करू नकोस," ती मैत्रिणीला म्हणाली. "माझी सकाळीच झाली की! सरांनी चावीही दिली. माझा दादा बॉयलरपाशी पोचलाय." "आत्ताच्या आत्ता फोन लाव त्याला." मैत्रिणीनं लावला. स्पीकरवर दादाचा आवाज आला, घाईत, आनंदात. "एक मिनिट थांब गं. एवढं पेटवतो आणि मग बोलतो."