साबणवाल्यांची वीज

“शनिवारी सातला चौकातले दिवे लागणार नाहीत! लागली पैज! हरेल त्यानं भर चौकात स्टुलावर चढायचं, कान धरायचे आणि तीनदा म्हणायचं, चूक माझी. सांग त्याला!” शिंपी चहावाल्याला म्हणाला.

‘तो’ म्हणजे शेजारच्या दुकानातला वायरमन, शिंप्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या मधे एकच भिंत. चहावाल्यानं मान वळवली. “तुझा दादा म्हणतो...”

“ऐकलं. बहिरा नाही मी. मंजूर! सांग त्याला.”

तीन वर्षं दोघांचं बोलणं असंच चहावाल्यामार्फत चाललं होतं. कारण काय, तर एक कोट. शिंप्याच्या दुकानात नवरदेवाचा कोट जळाला. दादा म्हणाला, तुझ्या वायरिंगनं. धाकटा म्हणाला, तुझ्या इस्त्रीनं. अगदी छातीठोक म्हणाला. जरा जास्तच छातीठोक.

पैज होती साबणवाल्या कंपनीवर. आधी तिचा नुसता साबण होता, मग छत्र्या आल्या, मग गाद्या. पुढे तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. तिनं तेलाच्या विहिरींत पैसा घातला, गॅसची पाइपलाइन घेतली आणि गावाबाहेर गॅसवर चालणारं वीज केंद्रच उभं केलं. तिथली पहिली वीज शनिवारी चौकात येणार होती.

“साबणवाले फेस काढतील, वीज कसली काढतायत!” दादा गल्लीभर सांगत सुटला.

धाकटा भलताच खुशीत. शनिवारी त्यानं गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि स्टूल स्वतः आणून, पुसूनबिसून चौकाच्या मधोमध ठेवलं. ज्या दोन शब्दांसाठी तीन वर्षं कान आसुसले होते, ते आज तीनदा! तेही चारचौघांत!

सातला पाच कमी. दिवे ढिम्म. धाकट्यानं पुन्हा घड्याळात पाहिलं. हरलो तर? ते दोन शब्द त्याच्या घशातून निघणारे नव्हते. तीन वर्षांत निघाले नव्हते.

सात. भक्कन सगळा चौक उजळला! शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला. दादा निमूट स्टुलावर चढला, कान धरले.

“चूक माझी.”

“मोठ्यानं!” चहावाला ओरडला.

“चूक माझी!”

लोक हसून लोळायचे बाकी. तेवढ्यात वीज केंद्राच्या इंजिनिअर बाई गर्दीतून पुढे आल्या. निळा कोरा युनिफॉर्म. धाकट्याची नजर त्यांच्या शेवटच्या बटणावर अडकली. लाल दोरा. शेवटचं बटण लाल दोऱ्यानं लावायची खोड साऱ्या गावात एकट्या दादाची.

“बाई, हा युनिफॉर्म...”

“या शिंपीदादांनीच शिवलाय की! मागच्या महिन्यात द्यायला आले, तेव्हा चाचणी चालू होती. आमचे सगळे दिवे लागलेले बघून केवढ्या टाळ्या पिटल्या त्यांनी!”

मागच्या महिन्यात. आणि पैज तर परवाची.

धाकट्यानं वर पाहिलं. कान धरलेल्या दादानं त्याला हळूच डोळा मारला आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

तेवढ्यात स्टूल करकरलं. धाकटा वर चढला होता. त्यानं कान धरले, स्वतःचे.

“चूक माझी,” तो म्हणाला. “वायर ढिली होती, दादा.”