अठरावा हात

“अठरा लागतात आणि आपण आहोत बरोब्बर अठरा,” ऑर्विल कुजबुजला. “आता कुणी शिंकायलासुद्धा बाहेर जायचं नाही.”

मार्लिसने मान हलवली. शाळेच्या व्यायामशाळेत हीटर भणभणत होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली उभी असलेली माणसं कोट काढून हातावर घेत होती. तिचे हात मात्र बर्फ झाले होते.

अमेरिकेतल्या या आयोवा राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला पडदाही नाही आणि पेटीही नाही. ज्याला जो हवा, त्याच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत जाऊन उभं राहायचं आणि हात वर करून आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. शंभरात पंधरा माणसं ज्याच्यामागे नाहीत, त्याचा कोपरा बाद. आज गावातली एकशेवीस माणसं जमली होती.

आणि मार्लिसच्या कोपऱ्यातला उमेदवार होता तिचा नवरा, रोलंड.

रोलंडची ट्रॅक्टरची दुकानं होती. राजकारणात म्हणाल तर त्याने शाळेच्या मंडळाचीसुद्धा निवडणूक कधी लढवली नव्हती. पानगळीपर्यंत टीव्हीवाले त्याला हसत होते. आता तेच त्याच्या मागेमागे धावत होते. पण गाव पडलं सिनेटरच्या आणि गव्हर्नरबाईंच्या, म्हणजे दुसऱ्या दोन उमेदवारांच्या, जुन्या माणसांचं. स्वतःच्याच गावात रोलंडचा कोपरा बाद झाला, तर उद्या त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं. म्हणून तर एक कॅमेरा थेट इथे येऊन बसला होता.

“अगं, किती गारठलीस!” ऑर्विलने तिचा हात धरला. शाळेच्या बँडचा हा निवृत्त मास्तर या कोपऱ्याचा म्होरक्या होता. “घाबरू नकोस. निवडून येतोय तो.”

“तुम्हाला खरंच वाटतं?”

“वाटतं काय? लोकांना त्याचा तो शांत आवाज आवडतो बघ. सिनेटरसारखा आरडाओरडा नाही. घरीही असाच असतो ना?”

“घरी तो आवाज कधीच चढवत नाही,” मार्लिस म्हणाली. “चढवावा लागतच नाही.”

“ऐका, ऐका!” ऑर्विल मागच्यांना म्हणाला.

शेजारची जोलीन लिंबाच्या वड्यांचा डबा फिरवत होती. “तुमच्या बिस्किटला का नाही गं टीव्हीवर आणत? कुत्रं दिसलं की मतं वाढतात म्हणे.”

“तो नाही यायचा. फाटकात गाडी वळली की जिन्याखाली जाऊन बसतो.”

“लाजाळू मेला!” जोलीन म्हणाली आणि सगळे हसले. मार्लिसही हसली. वडी तिच्या हातात तशीच राहिली.

इतक्यात फोन वाजला. रोलंड राजधानीतल्या हॉटेलात बसून गावोगावचे आकडे घेत होता.

“किती?”

“अठरा.”

“मोजलेस?”

“ऑर्विलने दोनदा मोजले.”

“मी तुला विचारलं, मार्लिस.” आवाज तोच, मऊ.

“अठरा आहेत, रोलंड. मी मोजले.”

“शहाणी. एक जरी हलला, तर मला नाव हवंय. बाकीचं घरी आल्यावर बोलू.”

तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि तळहात स्कर्टला पुसला.

“काळजीत आहे ना?” ऑर्विलने विचारलं. “असणारच. पण आजची वेळ निभावली ना, की गाडी सुटली! एकदा त्या खुर्चीत बसू दे. फौजा काय, खजिना काय, सगळं त्याच्या एका शब्दावर.”

“मग त्याला कुणी नाही म्हणू शकणार नाही?”

“कुणाची छाती होणार आहे?”

मार्लिस खरोखर घाबरली होती आणि ते आता कोणालाही दिसत होतं. जोलीनने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मोजणी सुरू झाली. सिनेटरच्या कोपऱ्यातले हात एकेक करत खाली आले. आकडा बावन्नवर थांबला. गव्हर्नरबाईंचा थांबला पन्नासवर.

“मंडळी,” सभेच्या अध्यक्ष व्हर्नाबाई टेबलामागून ओरडल्या, “माझी सही होईपर्यंत कुणाला कोपरा बदलायचा असेल तर बदला. मागाहून कुरकुर चालणार नाही!”

जागचं कुणी हललं नाही. ज्यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं, तेही केव्हाच कुठे ना कुठे टेकले होते.

“आता आपण,” ऑर्विल म्हणाला. मार्लिसला त्याने मुद्दाम रांगेच्या शेवटी उभं केलं होतं. शेवटचा आकडा बायकोच्या तोंडून आला की कॅमेऱ्यात झकास दिसेल, असा त्याचा हिशेब होता. “एक!”

दोन. तीन. आकडे तिच्याकडे सरकत होते. जिन्याखाली अंग चोरून बसलेला बिस्किट तिला उगीचच आठवला.

“सतरा!” जोलीनने हात खाली केला आणि हसून तिच्याकडे पाहिलं.

कॅमेरा वळला. मार्लिसचा हात वर गेला नाही.

“बोल गं,” ऑर्विल दबक्या आवाजात म्हणाला. “अठरा म्हण.”

तिने वडी जोलीनच्या डब्यात परत ठेवली. पर्स काखेला लावली आणि ती चालू लागली. मैदानाच्या मधोमध रंगवलेलं वर्तुळ तिने ओलांडलं. पर्समध्ये फोन पुन्हा वाजायला लागला.

समोर सिनेटरच्या कोपऱ्यातल्या टोकाच्या माणसाने तिचा पांढराफटक चेहरा बघून चटकन वाट करून दिली. “बाथरूम डावीकडे आहे, मार्लिस.”

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने हात वर केला.

“त्रेपन्न,” ती म्हणाली.