सोनू पाटील

नाव सांगायला धम्मरत्नने तोंड उघडलं आणि रणजीतने त्याला कोपराने ढोसलं.

"सोनू," रणजीतच म्हणाला. "सोनू पाटील. मेरा चचेरा भाई."

दारातल्या म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तो चुलीकडे आत गेला. दिवस मावळत होता. वाळूवरून येणारा वारा जॅकेटच्या आत शिरत होता. जैसलमेर अजून लांब होतं आणि त्या रस्त्याला हे एवढं एकच घर लागलं होतं. म्हाताऱ्याने दोन्ही गाड्या अंगणात घ्यायला लावल्या होत्या, दोन बाजा टाकतो म्हणाला होता.

धम्मरत्नने हातमोजे काढले. बोटं आखडून गेली होती.

"मी पाटील कधी झालो?"

"हळू बोल, राव. इकडं लोक जात फार बघतात. थंडीत बाहेर काढलं असतं म्हणजे?"

"मग बाहेर झोपलो असतो. दोघंही."

रणजीत गाडीवरची बॅग सोडायला वळला. तो निघोज्याचा, जुन्या शेतकरी घरातला. धम्मरत्न दिघीचा, बौद्ध. चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला दोघं लागले होते. पहिल्याच आठवड्यात रणजीत म्हणाला होता, तुझं नाव फार लांबलचक आहे, मी आपला सोनू म्हणतो. धम्मरत्नला ते आवडलं होतं. पुढे सगळी लाइनच त्याला सोनू म्हणायला लागली. हिवाळ्यात वाळवंटातून गाड्या न्यायच्या हे दोघांनी कँटीनमध्ये ठरवलं, त्यासाठी रविवारी कामावर जाऊन बदली सुट्ट्या साठवल्या. गुजरात मागे पडला तेव्हा धम्मरत्न हेल्मेटच्या आत एकटाच गात होता.

आता तो तडक आत गेला.

"बाबाजी, मेरा नाम धम्मरत्न ओव्हाळ है. मैं पाटील नहीं हूँ, दलित हूँ. रखना है कि नहीं, बोलो."

म्हाताऱ्याने तव्यावरची बाजरीची रोटी उलटली. "मैंने तो इसलिए पूछा था कि सुबह उठाना हो तो क्या कहके आवाज़ दूँ," तो म्हणाला. "बैठो. आग के पास बैठो."

राग उतरायला हवा होता. तो आणखी चढला. धम्मरत्न तसाच अंगणात आला.

"त्याने जात विचारलीच नव्हती. मग तू घाबरलास कुणाला?"

रणजीत गाडीवरच्या बॅगेचा पट्टा ओढत राहिला.

"जीभ जरासुद्धा अडखळली नाही तुझी. आधी कुठं बोललायस हे?"

रणजीतचे हात थांबले.

"घरी," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा आलास तेव्हा. सोनू पाटील म्हणून सांगितलं आईला. तिला चाललं नसतं, भावा. जुनी माणसं आहेत. आणि इतकी वर्षं जेवतोयस आमच्याकडं, कधी काही अडलं का?"

रणजीतच्या आई कौशल्याबाई धम्मरत्नला गरम भाकरी वाढायच्या, नको म्हटलं तरी वरून तूप सोडायच्या. तो त्यांना काकू म्हणायचा. दिघीला स्वतःच्या आईशी तो त्या घरावरून भांडला होता. सगळे तसे नसतात, आई, असं तिला सुनावलं होतं.

त्याने फोन काढला.

"आत्ता नको," म्हणत रणजीतने त्याचं मनगट धरलं. धम्मरत्नने हात असा झटकला की रणजीत गाडीवर आदळला. मग काकूंचा नंबर लावून धम्मरत्नने स्पीकर चालू केला.

"सोनू, पोचला का रं?" पलीकडून कौशल्याबाईंचा आवाज आला. "थंडी लई आसंल तिकडं."

"काकू, मी सोनू पाटील नाही. माझं नाव धम्मरत्न. धम्मरत्न ओव्हाळ."

रणजीतने डोळे मिटून घेतले होते.

"ठाऊक हाय की मला," कौशल्याबाई म्हणाल्या. आवाजात नेहमीचीच माया होती. "पहिल्याच दिशी कळलं व्हतं. म्हनून तर तुझं ताट आन तांब्या येगळा ठेवलाय मी. तुला कदी काय कमी केलं का, बाळा?"

रणजीतने डोळे उघडले. धम्मरत्नने फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"आन हे बघ," कौशल्याबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "रणजीतला यातलं काय बी सांगू नगंस. त्याला लई वाईट वाटंल."