वाचलेली मुलगी

“असं नाही ते,” आराबा म्हणाली. “पुन्हा वाच.”

मान्साने पुन्हा वाचलं. नदीला लोंढा आला. होडी कलंडली. नावाड्याची धाकटी मुलगी डेडे पाण्यात पडली. बापाने मागोमाग उडी टाकली, पण त्याच्या हाती तिच्या डोक्याचा रुमाल तेवढा लागला.

“एबो असं वाचत नव्हता.”

“आत्या, जे छापलंय तेच वाचतेय मी.”

“मग मीट ते.”

मान्साने पुस्तक मिटलं. दिवसभर दवाखान्यात लोकांना सुया टोचून ती आली होती. टेबलावर केंकीचे आंबवलेल्या मक्याचे गोळे आणि तळलेली मासळी गार होत चालली होती, आणि दोघींपैकी कुणीच ताटाला हात लावला नव्हता.

केप कोस्टच्या त्या घरात हरमॅटनचा धुळकट वारा सुटला, की आराबाचा नवरा एबो ही कादंबरी बाहेर काढायचा. तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्यांची एकुलती एक मुलगी एकुआ खाडीत बुडाली आणि वर्षभरात आराबाची आधीच अधू झालेली नजर पुरती गेली. तेव्हापासून दर हंगामात तो व्हरांड्यात बसून हे एकच पुस्तक तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. गेल्या पावसाळ्यात एबो गेला. आराबाच्या सोबतीला भाची मान्सा राहायला आली, आणि पुस्तक तिच्या हाती आलं.

सुरुवातीची प्रकरणं मजेत गेली होती. विनोद यायच्या आधीच आत्या हसायला लागायची. नावाड्याच्या सासूची भांडणं तर ती मान्साबरोबर तोंडपाठ म्हणायची. सगळं पाठ आहे तर पुन्हा ऐकायचं कशाला, असं मान्साने एकदा विचारलं होतं.

“ओळखीच्या घरी जाताना वाट शोधावी लागत नाही,” आत्या म्हणाली होती. “मग आजूबाजूला बघता येतं.”

सगळं अडलं ते लोंढ्यापाशी.

एबोच्या वाचनात बाप डेडेला वेणीला धरून वर ओढायचा. ती मोठी व्हायची. तिचं लग्न ठरायचं. लग्नाच्या सकाळी आई तिच्या गळ्यात मण्यांची माळ बांधायची आणि गाठ काही केल्या बसायची नाही. ते पान आत्याचं फार लाडकं. मान्साने पुस्तक पुढून मागून चाळलं. पानं फाटलेली नव्हती, आकडे सलग होते. लोंढ्यानंतर एक दफन होतं, आणि शेवटी नावाडी होडी पालथी घालून ठेवत होता.

मान्साचं वाचन पसंत पडेना, तेव्हा आत्याने शेजारच्या क्वेकू टेटला बोलावून घेतलं. तो रविवारी चर्चमध्ये बायबल वाचायचा, आवाज भारदस्त. त्याने लोंढा असा वाचला की मान्साच्या अंगावर काटा आला. आत्याने त्याला साधं पाणीही विचारलं नाही.

मग मान्साने शाळेच्या वाचनालयातून दुसरी प्रत आणली. छपाईत चूक असेल, असं तिला वाटलं.

“प्रत बदलून काय होणार?” आत्या म्हणाली.

झालंही काही नाही. डेडे त्याही प्रतीत बुडाली.

आता आत्या जेवेना. बोलली तरी टाकून बोलायची. एवढी शिकलेली माणसं, पण एकालाही एक पान धड वाचता येत नाही, असं ती भिंतीला सांगायची. मान्सा स्वयंपाकघरात भांडी आपटायची. आपण लबाडी करतोय असा संशय घरातल्याच माणसाने घ्यावा, हे तिला सोसेना. शेवटी तिने अँपा मास्तरांना बोलावणं धाडलं. ते एबोचे जुने सहकारी. हीच कादंबरी त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली होती.

मास्तरांनी दारातच सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. एबोनेच हे रचलं असणार, ते हळू आवाजात म्हणाले. पोटची पोर पाण्यात गेलेल्या आईला तो हे कसं ऐकवणार? मान्सा म्हणाली, मग राहू दे, सांगायला नको. पण मास्तरांचं मत वेगळं पडलं. असं रोज जळत राहण्यापेक्षा एकदा कळलेलं बरं.

ते आत गेले. आराबासमोर खुर्ची ओढून बसले. एबोच्या आठवणी निघाल्या, गुडघ्यांची दुखणी निघाली. मग मास्तर मुद्द्यावर आले.

“वहिनी, मान्साचं काही चुकत नाही. पुस्तकात डेडे वाचतच नाही. लग्न नाही, माळ नाही. एबोने ते मनाने घातलं. तुमचं काळीज सांभाळायला.”

मान्साला वाटलं, आता आत्या कोसळणार. ती खुर्चीजवळ सरकली. पण आराबाने हाताने चाचपत टेबलावरचं पुस्तक उचललं आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

“डोळे होते तेव्हा मीच हे वाचून एबोला दिलं होतं, मास्तर,” ती म्हणाली. “ते पान वाचवत नव्हतं ते मला नव्हे, त्याला.”